दोष कोठे आहे, हे सांगणार कोण?

संगणकावर खेळ खेळू पाहणाऱ्या तरुणांच्या गाऱ्हाण्यांना या पृष्ठावर जागा कशासाठी, असा प्रश्न काही वाचक विचारतील. ज्या देशात हंडाभर पाण्यासाठी बायाबापड्यांना अजून मैल मैल चालावे लागते, तेथे कुणाचा खेळ मध्यरात्री बंद पडला म्हणून शाई खर्च करावी काय? आक्षेप रास्त आहे, आणि तो टाळून पुढे जाण्याचा विचार नाही. पण ज्या यंत्रावर एखादा मुलगा रात्री खेळतो त्याच यंत्रावर तो दिवसा अभियांत्रिकीचे आराखडे काढतो, लग्नसमारंभांच्या चित्रफिती जोडून चार पैसे मिळवतो किंवा प्रोग्रॅम लिहायला शिकतो. पाऊण-एक लाख रुपयांची ही वस्तू मध्यमवर्गीय घरात बहुधा कर्जाने नाहीतर बापाच्या भविष्यनिर्वाह निधीतून आलेली असते. ती बिघडली म्हणजे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. कारण बिघाडाच्या त्या घटकेला विकणारा आणि विकत घेणारा यांच्यातले खरे नाते उघडे पडते.

घरी जोडलेला संगणक म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची, ग्राफिक्स कार्डाची चिप चौथीची आणि त्या चिपेवर कार्ड बांधणारी पाचवी, पॉवर सप्लाय सहावीचा, साठवणीची डिस्क आणि कॅबिनेट आणखी कोणाचे. एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक मोकळा रविवार हाताशी असला की हे सारे एकत्र बसते. हे शक्य झाले ते एका ऐतिहासिक योगायोगाने. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या तांत्रिक संदर्भग्रंथात मंडलांच्या आकृत्या तर होत्याच, शिवाय बायोसची संपूर्ण संहिता छापलेली होती. तो ग्रंथ विकत घेणाऱ्या कोणालाही यंत्राच्या पोटात काय चालते ते वाचता येत असे. इतर कंपन्यांनी जुळणारे भाग बनवले, १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा मापांचा साचा घालून दिला, आणि कोणाचाही भाग कोणाच्याही भागाशी बसू लागला. त्या खुलेपणाचे फळ आजही आपण खात आहोत. भाग जुळण्याची सोय तेवढी टिकली. आकृत्या आणि संहिता मात्र केव्हाच पेटीबंद झाल्या.

आता बिघाडाकडे येऊ. यंत्र जोडून झाले, बटण दाबले, पंखे फिरू लागले, आणि पडदा काळाच राहिला. चांगल्यापैकी मदरबोर्डाच्या कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट. त्यांपैकी रॅमचा दिवा पेटून राहिला म्हणजे रॅम बिघडली, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच की तपासणी त्या पायरीवर थांबली. रॅम निर्दोष असून प्रोसेसरच्या सॉकेटमधील एखादी केसाएवढी पिन वाकलेली असू शकते. बायोसची आवृत्ती जुनी असू शकते. प्रोसेसरवरचा कूलर एका बाजूने अधिक आवळला गेलेला असू शकतो. किंवा काहीच बिघडलेले नसते! डीडीआर-५ जातीची रॅम पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड तिच्या वेळा जुळवून घेत बसतो आणि त्यात कित्येक मिनिटे जाऊ शकतात. तेवढा वेळ पडदा काळा असतो, आणि ‘थांबा, काम चालू आहे’ असे शब्द कोठेही उमटत नाहीत. भांबावलेला माणूस मधेच वीज बंद करतो व सारे पहिल्यापासून सुरू होते. नव्वद हजारांच्या यंत्रात रंगीबेरंगी रोषणाईसाठी जागा निघते, पण या चार शब्दांसाठी ती निघू नये, याचे आश्चर्य वाटते.

याहून त्रासदायक तो बिघाड, जो येतो आणि जातो. खेळ दोन तास सुरळीत चालतो आणि तिसऱ्या तासाला यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. निळा पडदा आला तर त्यावर एक संकेत असतो, आणि तो संकेत रोगाचे नव्हे तर शेवटच्या उचकीचे नाव सांगतो. तापमान पाहावे, ड्रायव्हर काढून पुन्हा घालावा, विंडोज नव्याने टाकावी, मेमटेस्ट ८६ प्लस या विनामूल्य व मुक्त प्रोग्रॅमने रात्रभर रॅम तपासावी, असे उपाय एकामागून एक चालतात. आठवडे जातात. घरचे विचारू लागतात की एवढे पैसे घालून तू हे काय आणलेस. आणि तो मुलगा हळूहळू अशा निष्कर्षाला येतो की आपल्याच हातून काहीतरी चुकले असावे.

या विद्येत खात्रीची रीत एकच आहे: संशयित भाग काढावा, त्या जागी निर्दोष असल्याचे ठाऊक असलेला दुसरा भाग घालावा, आणि फरक पडतो का ते पाहावे. रीत सोपी आहे. अडचण एवढीच की तिला दुसरा भाग लागतो. साताऱ्याकडचा माझा एक भाचा या फेऱ्यात दीड महिना होता. मदतकेंद्राच्या दूरध्वनीवरचा त्याचा अनुभव त्याने एका वाक्यात सांगितला: “मामा, ते म्हणतात प्रोसेसर बदलून बघा, अहो, दुसरा प्रोसेसर घरात असता तर मी यांना फोन कशाला केला असता?” या प्रश्नाला मदतकेंद्राकडे उत्तर नाही. निदान करणे हे कौशल्याचे काम आहे असे आपण समजतो. वास्तविक निम्म्याहून अधिक ते भांडवलाचे काम आहे. ज्याच्या कपाटात दोन मदरबोर्ड आणि रॅमच्या चार पट्ट्या पडलेल्या आहेत, तो अर्ध्या तासात दोष हुडकतो. ज्याच्याकडे एकच संच आहे, तो तर्काने हुडकतो, आणि तर्क करीत बसतो.

नव्वदच्या दशकात हे भांडवल मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या, पुण्यात पेठांतल्या आणि जिल्ह्याच्या गावी एखाद्या जिन्याखालच्या दुकानात असे. असेंबल करून देणारा तो माणूस दोन पैसे अधिक लावी, पावती देताना कुरकुर करी, कधी जुना भाग नवा म्हणून खपवी. त्याला साधुसंत ठरवण्याची गरज नाही. पण यंत्र बंद पडले की पिशवीत एक एसएमपीएस आणि रॅमची एक पट्टी टाकून तो स्कूटरवरून घरी येई. सगळ्या कंपन्यांची सरमिसळ त्याच्या दुकानात एका जबाबदारीखाली येत होती. आज भाग घरपोच येतात, किंमत कमी पडते, निवड अमाप असते, आणि म्हणून लोक तिकडे गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु किमतीतून जी रक्कम वाचली ती त्या पिशवीची आणि त्या स्कूटरची होती, हे ध्यानात यायला यंत्र बिघडावे लागते. त्यात २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय केंद्रांनी रॅमचा पुरवठा ओढून घेतला, भाव भडकले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने सामान्य ग्राहकाला रॅम विकण्याचा आपला व्यवसायच गुंडाळण्याचे जाहीर केले. केवळ तपासणीसाठी एक जादा पट्टी घरात ठेवावी, ही सूचना अशा काळात थट्टा ठरते.

एकट्यादुकट्या माणसाने केलेले निदान कसे हतबल असते आणि कंपन्या त्या हतबलतेशी कशा वागतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांचे आहे. तेरावी पिढी ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, चौदावी ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्यांतील वरच्या, महागड्या श्रेणीचे प्रोसेसर काही महिने चांगले चालून मग डळमळू लागले. खेळ सुरू होताना पडद्यावर संदेश येई, तो ग्राफिक्सची स्मृती अपुरी पडल्याचा. चोवीस गिगाबाइट स्मृती असलेल्या कार्डावरही तोच संदेश! साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला, ड्रायव्हर बदलले, कार्डे परत पाठवली. ती निर्दोष होती. खेळाची दाबून ठेवलेली माहिती उलगडताना प्रोसेसर चुकत होता आणि आळ कार्डावर येत होता. एप्रिल २०२४ मध्ये ग्राफिक्स कार्डांच्या चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने अशा ग्राहकांना सांगितले की तुम्ही इंटेलकडे दाद मागा. त्याच सुमारास इंटेलने मदरबोर्ड बनवणाऱ्यांकडे बोट दाखवले, की त्यांनी संरक्षक मर्यादा सैल सोडल्या आहेत. मदरबोर्डवाल्यांनी बायोसमध्ये नवी, संथ मांडणी घातली. म्हणजे ज्या वेगाचे पैसे मोजले होते तो वेग कमी झाला, आणि दोष होता तेथेच राहिला.

अखेर जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की प्रोसेसरमधलीच सूक्ष्म-संहिता चुकीचा, वाजवीपेक्षा अधिक विद्युत्-दाब मागत होती. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली, आणि सप्टेंबरमध्ये कारणमीमांसा पुरी झाल्याचे सांगण्यात आले. ज्या प्रोसेसरांना आधीच इजा झाली होती त्यांना ही दुरुस्ती बरे करू शकत नव्हती. ते बदलून घ्यावे लागणार होते. याच दरम्यान आणखी एक गोष्ट बाहेर आली. तेराव्या पिढीच्या काही प्रोसेसरांत उत्पादनाच्या वेळी ऑक्सिडेशनचा दोष राहिला होता, तो कंपनीला सापडला होता आणि २०२३ मध्येच कारखान्यात दूर केला गेला होता. ग्राहकाला तो कळला २०२४ च्या जुलैत, तोही विचारणा झाल्यावर. म्हणजे जो मुलगा २०२३ मध्ये रात्ररात्र रॅमच्या पट्ट्या उलटसुलट करीत होता, त्याच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा एका कचेरीत कपाटबंद होता. या काळात जो तपास झाला तो ग्राहकांनी, खेळ बनवणाऱ्या छोट्या संस्थांनी आणि काही चिकाटीच्या पत्रकारांनी केला. त्या श्रमाचा मोबदला कोणी कोणाला दिला नाही. कारखान्याच्या चाचणीखात्याचे काम घरोघरी वाटले गेले होते, आणि ते करणाऱ्यांनी त्यासाठी आधी पैसे मोजले होते.

ग्राफिक्स कार्डाच्या वितळणाऱ्या जोडणीची कथा याच जातीची आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० या कार्डाला सहाशे वॅट वाहू शकणारी एक चिमुकली नवी जोडणी होती. ती काहींच्या घरी वितळली. नोव्हेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने जगभरातून सुमारे पन्नास प्रकरणे आल्याचे सांगून खुलासा केला की प्लग पूर्ण आत बसवलेला नसणे हे त्यांतले एक सामायिक कारण दिसते. ते खरेही असेल. पण २०२३ मध्ये त्या जोडणीची मानक रचनाच बदलून, प्लग नीट बसला नाही तर वीज मिळणार नाही अशी तजवीज करण्यात आली. चूक वापरणाऱ्याची होती, तर रचना का बदलली? आणि रचनेत उणीव होती, तर वापरणाऱ्याच्या नावाने बिल का फाडले?

रॅमच्या वेगाचा प्रकार तर विनोदी आहे. खोक्यावर ‘६०००’ असा आकडा ठळक छापलेला असतो. एएमडीच्या २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरांचा अधिकृत वेग ५२०० आहे. खोक्यावरचा वेग मिळवायचा तर बायोसमध्ये एक पर्याय चालू करावा लागतो. त्याची सोय एएमडीनेच केलेली, जाहिरातीही तिच्याच भरवशावर. मात्र बारीक अक्षरांत लिहिलेले असते की स्मृतीचा वेग असा वाढवल्यास, मग तो आमच्याच साधनाने का वाढवलेला असेना, प्रोसेसरची वॉरंटी जाते. बोर्डावर रॅमच्या चार खाचा असतात. त्या चारही भरल्या की अधिकृत वेग ३६०० वर उतरतो. दोन पट्ट्यांवर सुरळीत चालणारे यंत्र आणखी दोन घातल्यावर सुरूच होत नाही, तेव्हा कोणतीच कंपनी खोटे बोललेली नसते. प्रत्येकीने आपापल्या कागदावर खरे लिहिले होते, आणि ते सगळे कागद एकत्र वाचण्याचे काम गिऱ्हाइकाचे होते.

तालुक्याच्या गावी या साऱ्यात विजेची भर पडते. घराला धड अर्थिंग नसते, दाब वरखाली होतो, आणि त्यावर उपाय म्हणून घेतलेला स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की पायऱ्यापायऱ्यांची अशी लहर देतो, जी नव्या धाटणीच्या काही पॉवर सप्लायना मानवत नाही. वीज गेली की यूपीएस असूनही संगणक विझतो. कॉलेजातून परतलेला मुलगा पॉवर सप्लाय कुरिअरने शहरात पाठवतो. तीन आठवड्यांनी तो परत येतो, सोबत चिठ्ठी: तपासणीत दोष आढळला नाही. शहरातल्या स्थिर विजेवर, दहा मिनिटांच्या चाचणीत तो आढळणार तरी कसा? मदरबोर्ड पाठवला तर पिन वाकल्याचे छायाचित्र येते. ती घरी वाकली, वाटेत वाकली की तेथे गेल्यावर वाकली, हे सिद्ध करण्याचे ओझे त्याचेच.

कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने उत्पादकाच्या दायित्वाचे एक स्वतंत्र प्रकरण आणले, त्याचा गाजावाजा झाला. परंतु त्यातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूची हानी वगळलेली आहे. कार्डाने घर पेटवले तर ते प्रकरण लागू पडेल. कार्ड नुसते मेले तर सदोष मालाची जुनी तक्रारच करावी लागेल. ती आता ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ही मोठीच सुधारणा आहे. तथापि चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोगाने वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावी आणि त्या चाचणीचे शुल्क तक्रारदाराकडून भरून घ्यावे, अशी तरतूद आहे. फिरून आपण तेथेच येतो. दोष कोठे आहे हे सांगणारी जागा हवी. ती जवळपास नाही, आणि असलीच तर खर्च पुन्हा ज्याचे नुकसान झाले त्याच्या खिशातून.

दुरुस्तीच्या हक्काची चळवळही, तिच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, या प्रश्नाच्या कडेने निघून जाते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक संकेतस्थळ उघडले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये निर्देश काढला. या सगळ्यांचा भर सुटे भाग मिळावेत, पुस्तिका मिळाव्यात, यंत्र उघडता यावे यावर आहे. घरी जोडलेल्या संगणकाला हे सारे आधीच लाभलेले आहे. त्याइतके उघडायला सोपे यंत्र घरात दुसरे नाही, भाग पैसे टाकले की मिळतात, बदलायला पाच मिनिटे पुरतात. तरीही माणूस महिनामहिना अडकून पडतो, कारण कोणता भाग बदलायचा हेच त्याला कळत नाही.

म्हणून मागणी दोन गोष्टींची करावी. पहिली कंपन्यांकडे: ज्ञात दोष ज्या दिवशी कारखान्यात नोंदला जातो त्या दिवसापासून ठराविक मुदतीत तो जाहीर करण्याचे बंधन असावे, आणि ‘दोष आढळला नाही’ म्हणून भाग परत करताना कोणती चाचणी, किती वेळ, कोणत्या दाबावर केली ते लेखी द्यावे. दुसरी आपल्या शासनाकडे, आणि ती मुळीच खर्चिक नाही. प्रत्येक तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एक तपासणीचे टेबल असावे: इंटेलचा एक व एएमडीचा एक असा प्रोसेसर-मदरबोर्डाचा जोड, रॅमच्या दोन पट्ट्या, खात्रीचा एक पॉवर सप्लाय, एक साधे ग्राफिक्स कार्ड, मल्टिमीटर. सारे मिळून एका बऱ्यापैकी खेळाच्या संगणकाच्या किमतीच्या आसपास येईल. कोणीही आपला भाग आणावा आणि तेथील विद्यार्थ्याने निदेशकाच्या देखरेखीखाली तो लावून पाहावा. विद्यार्थ्याला जे पुस्तकात मिळत नाही ते शिकायला मिळेल. निकालाचा सहीशिक्क्याचा कागद जिल्हा आयोगाने पुरावा म्हणून ग्राह्य धरावा.

आणि त्या टेबलावर एक नोंदवही असावी: कोणत्या कंपनीचा कोणता भाग, किती महिन्यांत, कशा रीतीने गेला. राज्यातल्या साडेतीनशेहून अधिक तालुक्यांच्या अशा वह्या दर तीन महिन्यांनी एकत्र करून प्रसिद्ध केल्या, तर तेराव्या पिढीच्या प्रोसेसरासारखे प्रकरण उघडकीस यायला दोन वर्षे लागणार नाहीत. सुरुवात एखाद्या जिल्ह्यातल्या पाच-सहा संस्थांपासून, येत्या शैक्षणिक वर्षात, करता येईल.